‘फ्लॅट तुला, माग मला’: सही करण्याआधी

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

मी जुळे सोलापूरला राहते. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत. मिस्टरांचे अक्कलकोट रोडला आठ माग आहेत, टॉवेलचं काम. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, पगार २८ हजार. मारहाण वगैरे काही नाही, पण गेल्या तीन वर्षांत आमच्यात बोलणंच उरलं नाही. दिवाळीपासून ते भवानी पेठेत सासूबाईंकडे राहतात. दोघांनी मिळून ठरवलंय, आता वेगळं व्हायचं.

ते म्हणतात, “फ्लॅट तू घे, माग मी ठेवतो, झाला हिशोब.” फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आज ४२ लाखांना जाईल असं एजंट म्हणाला. कर्ज सव्वाअकरा लाख बाकी आहे, हप्ता १८ हजार, सात वर्षं राहिलीत. हप्ते त्यांच्या खात्यातून जातात. किराणा, शाळेची फी, दवाखाना माझ्या पगारातून. मागांची किंमत ते पाच लाख सांगतात आणि धंदा तोट्यात आहे म्हणतात. लॉकडाऊननंतर माग पुन्हा चालू करायला मी माझ्या पगारावर पतसंस्थेतून कर्ज काढून दिलं होतं, त्याचे ५,२०० अजून कापले जातात. माहेरचं चौदा तोळे सोनं, त्यातलं सहा तोळे सुतासाठी गहाण आहे. मोहोळ तालुक्यात सासऱ्यांच्या नावावर चार एकर शेती आहे. बँकेच्या कागदांवर मीही सह्या केल्यात, कशाकशावर ते आता आठवत नाही.

त्यांनी पाचशेच्या स्टँपवर फारकतनामा लिहून आणलाय आणि पंधरा दिवसांत सही कर म्हणतात. एवढा फ्लॅट मिळतोय, तरी मनात धाकधूक आहे. मला भांडण नको. सही करू का?

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई,

आज सही करू नका. पंधरा दिवसांनीही करू नका. तुमचे पती तुम्हाला फसवतायत असं मला पत्रात कुठे दिसत नाही, आणि ते देऊ करतायत ती गोष्ट लहान नाही. पण एक साधी वजाबाकी मांडून बघा. पगार २८ हजार. पतसंस्थेचे ५,२०० गेले. फ्लॅट तुमचा झाला की १८ हजारांचा हप्ताही तुमचा झाला. हातात राहिले ४,८००. त्यात दोघींचं जेवणखाण, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि सातवीतल्या लेकीची फी. ४२ लाखांच्या घरात राहून दर महिन्याच्या पंधरा तारखेला भावाकडे हात पसरायची वेळ येईल. तुमच्या धाकधुकीचं कारण हेच असावं. आकडे तुम्हीच लिहून पाठवलेत, फक्त एकाखाली एक मांडले नव्हते.

मी वकील नाही. सव्वीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. नवराबायकोचं बिनसलं की वकिलाकडे जायच्या आधी म्हणा, नंतर म्हणा, ती दोघं कधी ना कधी आमच्या टेबलापुढे येऊन बसायचीच. कायद्याचं जे लिहितेय ते तिथेच शिकले. तुमचे मूळ कागद मात्र एखाद्या वकिलाने वाचायलाच हवेत, आणि तो वकील तुमचा हवा. फारकतनामा लिहून देणारा वकील त्यांचा आहे.

भांडण नको म्हणता, ते मला पटतं. पण हिशोब मागणं म्हणजे भांडण काढणं असं कोणी मनात भरवलंय तुमच्या? चाटी गल्लीतला व्यापारी तीस वर्षांच्या दोस्ताकडूनही बिल घेतो, पावती देतो, आणि त्यांची दोस्ती टिकते ती त्या पावत्यांमुळेच. चौदा वर्षांच्या संसारात घर आलं, कर्जं आली, सोनं गेलं, लेक झाली. ते सगळं ‘झाला हिशोब’ या दोन शब्दांत बसत नाही. तुमच्या पतींनी हिशोब लपवलाय असं मी म्हणत नाही. मला वाटतं, त्यांनीही तो मांडलेलाच नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी चारदा वाचलं. ‘बँकेच्या कागदांवर मीही सह्या केल्यात, कशाकशावर ते आता आठवत नाही.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे, फ्लॅटपेक्षाही.

मागवाल्याला सूत आधी घ्यावं लागतं, कामगारांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो आणि टॉवेलचे पैसे यायला दोन-तीन महिने जातात. मधली खिंड भरायला बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे आपण ‘सीसी’ म्हणतो ती असते. सीसी मंजूर करताना बँका बहुतेक वेळा बायकोची सही जामीनदार म्हणून घेतात. मी स्वतः अशा कितीतरी सह्या घेतल्या आहेत. “इथे, इथे आणि इथे” असं बोट दाखवायचं, समोरची बाई सही करायची, आणि निम्म्या वेळा तिला घरी जायची घाई असायची कारण गॅसवर कुकर ठेवून आलेली असायची. तुमच्याही सह्या अशाच झाल्या असतील.

जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, त्याचं १२८ वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. बँकेने आधी कर्जदाराकडे जावं, तिथे नाही मिळालं तरच तुमच्याकडे यावं, असं तिच्यावर बंधन नाही. फारकतनाम्यात ‘धंद्याच्या कर्जाशी पत्नीचा काही संबंध नाही’ असं ठळक अक्षरांत लिहिलं तरी तो तुमचा दोघांचा आपसातला शब्द झाला. त्यावर बँकेची सही नाही. उद्या सीसी थकली तर वसुली तुमच्या दारात येऊ शकते, आणि तोवर तो फ्लॅट पूर्ण तुमच्या नावावर झालेला असेल. पतसंस्था किंवा सहकारी बँक असेल तर सहकार कायद्यातला ‘१०१ चा दाखला’, म्हणजे वसुलीचा दाखला निघतो आणि पगारातून कपात करा असं पत्र तुमच्या शाळेच्या ऑफिसात येतं.

एकदा एक शिक्षिका माझ्या टेबलाशी आल्या. घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. पूर्वीच्या नवऱ्याच्या धंद्याची नोटीस त्यांच्या नावाने गेली होती. त्यांनी पिशवीतून कोर्टाचा हुकूम काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “माझा त्यांच्याशी आता काही संबंध नाही, हे बघा.” कोर्टाने लग्न संपवलं होतं, जामीन तसाच उभा होता, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्या चार वर्षांत त्या दर महिन्याला पगार काढायला आमच्याच शाखेत येत होत्या. आमच्यापैकी कोणालाही सांगावंसं वाटलं नाही. त्यांचा तेव्हाचा चेहरा आठवूनच हे एवढं सविस्तर लिहितेय.

तेव्हा पहिलं काम हे. तुमचा सिबिल अहवाल काढा. प्रत्येक पतमापन कंपनीने वर्षातून एकदा तो मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार म्हणून तुमचं नाव कुठे लागलंय ते त्यात दिसेल. पतसंस्थांची कर्जं मात्र बहुधा त्यात उमटत नाहीत, आणि आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. म्हणून जिथे जिथे तुम्ही गेल्याचं आठवतंय त्या प्रत्येक ठिकाणी एक अर्ज द्या: माझ्या नावावर कोणत्याही नात्याने असलेल्या सर्व कर्जांची माहिती आणि जामीनपत्राची नक्कल मिळावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

जामीन निघाला तर दोन गोष्टी करायच्या. सीसीसारख्या फिरत्या कर्जाला दिलेला जामीन चालू जामीन असतो. तो पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन मागे घेता येतो, कलम १३० तसं म्हणतं. बँकेच्या छापील करारात ही वाट पुष्कळदा अडवलेली असते, तरी नोटीस द्यावी. त्या तारखेला येणं किती होतं याची नोंद तरी होते. दुसरी गोष्ट, आणि खरी तीच: तुमच्या जागी दुसरा जामीनदार देऊन तुम्हाला मोकळं केल्याचं बँकेचं लेखी पत्र तुमच्या पतींनी आणून द्यावं. ही अट तडजोडीत पहिल्या क्रमांकावर घाला, फ्लॅटच्याही आधी.

आता फ्लॅट. गृहकर्जाला तुम्ही दोघं सहकर्जदार असणार. पतींचं नाव कमी करायचं तर बँक विचारणार, एकट्या बाईंच्या पगारावर हे कर्ज झेपतं का? साधारण हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून चालतात, असा ठोकताळा आम्ही धरायचो. तुमचे निम्मे १४ हजार. १८ हजारांचा हप्ता त्यात बसत नाही, म्हणजे आहे त्या स्थितीत बँक नाही म्हणेल. मुदत सात वर्षांची पंधरा करून घेतली, तर पावणेनऊ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने सव्वाअकरा लाखांचा हप्ता साधारण ११,२५० पर्यंत येतो. तरी अडचण संपत नाही, कारण पतसंस्थेचे ५,२०० आहेतच. दोन्ही मिळून १६,४५० होतात. पतसंस्थेचं कर्ज आधी फिटलं, तरच फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर पेलेल.

आणि ते कर्ज फेडायचं कोणी? ते पैसे मागात गेले. माग त्यांच्याकडे राहणार. मग ते कर्जही मागांबरोबरच गेलं पाहिजे. ‘माग मी ठेवतो’ म्हणताना त्यांच्या डोक्यात हे आलं नसेल, तुम्ही सांगा. मुदत वाढवली की व्याजही वाढतं, हे पण सांगा: १८ हजारांनी सात वर्षं म्हणजे १५ लाख १२ हजार, ११,२५० ने पंधरा वर्षं म्हणजे २० लाख २५ हजार. पाच लाखांवर जास्तीचा बोजा तुम्ही उचलताय. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही, तेव्हा पतींकडून काही एकरकमी मिळालं तर ते थेट मुद्दलात भरा.

नावावर करण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत त्यावर एक टक्का अधिभार लागतो का, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. पण ही सवलत नवराबायको असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूम झाला की तुम्ही कायद्याच्या नजरेत परक्या, मग बाजारभावावर टक्केवारीने शुल्क भरावं लागू शकतं. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी अंतिम हुकमाच्या आधी, आणि बँकेच्या संमतीपत्रासह व्हायला हवी.

‘हप्ते माझ्या खात्यातून गेले’ हा मुद्दा उद्या निघेल, त्याची तयारी ठेवा. आपल्याकडे घटस्फोटात सगळी मालमत्ता अर्धी-अर्धी वाटायची असा कायदा नाही. ज्याच्या नावावर ते त्याचं, हा सर्वसाधारण नियम. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर वाटा समान धरतात. हप्त्यांचा पुरावा त्यांच्या पासबुकात आहे. तुमचा पुरावा कुठे आहे? फीच्या पावत्यांत, किराण्याच्या ऑनलाइन पेमेंटमध्ये, दवाखान्याच्या बिलांत. त्यांचे १८ हजार हप्त्याला मोकळे राहिले कारण घर तुमच्या पगारावर चाललं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात घर सांभाळणाऱ्या बायकोचं योगदान मालमत्ता उभी करण्यातलं योगदान मानलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण तुमचा वकील तो पुढे ठेवू शकतो. तुम्ही तर घरही सांभाळलं आणि पगारही घातला. चौदा वर्षांचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा.

इथे त्यांच्या बाजूचंही बोलायला हवं. ४२ लाखांतून कर्ज वजा केलं तर ३०,७५,००० राहतात, त्यातला त्यांचा अर्धा म्हणजे १५ लाखांच्या वर. तो ते सोडतायत. मागाच्या धंद्याची सोलापुरातली हालत मला ठाऊक आहे, बंद शेड आणि भंगारात गेलेले माग मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्यासाठीही हा सोपा निर्णय नसेल. पण तेच पंधरा लाख लेकीच्या खर्चाच्या बदल्यात धरले, तर ती एकवीस वर्षांची होईपर्यंतच्या नऊ वर्षांत महिन्याला १४ हजारांच्या आसपास पडतात. ऐकायला बरं वाटतं. ते पैसे मात्र भिंतींत अडकलेले आहेत, त्यांतून कॉलेजची फी भरता येणार नाही. म्हणून फ्लॅट आणि लेकीचा मासिक खर्च या दोन बाबी वेगळ्या ठेवा.

मागांची किंमत पाच लाख असेलही. पण धंदा म्हणजे आठ लोखंडी सांगाडे एवढाच नसतो. सूत, तयार माल, व्यापाऱ्यांकडून येणं हेही त्यात आलं. सीसी असली की दरमहा बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात माल किती, येणं किती, देणं किती सगळं असतं. गेल्या दोन वर्षांची स्टॉक स्टेटमेंटं, जीएसटीची विवरणपत्रं आणि सीसीचं खातं एवढं मागा. तोटा असेल तर तोही दिसेल, आणि मग तुम्हीच थोडं सोडाल. समजुतीने दिलं नाही तर कोर्टात पोटगीचा प्रश्न निघाला की दोघांनाही मालमत्ता आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ते सक्तीचं केलंय. तुम्हालाही द्यावं लागेल, तेव्हा तुमच्याकडूनही काही झाकू नका.

सोन्याबद्दल मी जरा हट्टाने बोलणार आहे. ते चौदा तोळे वाटणीत येतच नाहीत. माहेरून आणि सासरहून तुम्हाला म्हणून मिळालेलं ते स्त्रीधन, त्याच्या मालक तुम्ही एकट्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय की ते नवऱ्याकडे ठेवलेलं असलं तरी ती ठेव आहे, मालकी नाही. गरज होती म्हणून तुम्ही दिलंत, तुमचा मोठेपणा. आता परत मागताना वजनात मागा: साठ ग्रॅम, अमुक कॅरेट, अमुक दागिने. पैशात मागितलंत तर गहाण ठेवल्या दिवसाचा भाव पुढे येईल, आणि सोन्याचा भाव तेव्हापासून कुठे गेलाय ते तुम्ही पाहताच आहात. पुरावा म्हणून सराफाची बिलं शोधा, लग्नाचे फोटो काढा, आणि याद्या झाल्या तेव्हाची यादी आई-वडिलांच्या कपाटात असेल तर ती आणा. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्यांची ती यादी आता कामाला येईल.

मोहोळच्या शेतीत घटस्फोटाने तुम्हाला वाटा मिळत नाही. ती अपेक्षा मनातून काढून टाका. तुमच्या लेकीची गोष्ट वेगळी आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर जन्मतःच तिचा त्यात हक्क आहे. महाराष्ट्राने मुलींना हा हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली असेल तर मात्र त्यांच्या हयातीत कोणाचाच हक्क नाही. सातबारा आणि जुने फेरफार काढले की कळेल. फारकतनाम्यात ‘मुलीचा कोणताही हक्क राहणार नाही’ अशी ओळ असेल, असल्या कागदांत ती हमखास असते, तर ती खोडायला लावा. तुमची पोटगी सोडायची की नाही हे तुम्ही ठरवा. लेकीचं पालनपोषण, शिक्षण आणि वारसा तिच्या वतीने सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला नाही, त्यांनाही नाही. तिच्या नावे सुकन्या खातं असेल तर ते तिचं, दोघांच्याही यादीत धरू नका.

राहिला तो स्टँपचा कागद. फारकतनाम्याने हिंदू लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात तशी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. तुम्हा दोघांची संमती आहे, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली कौटुंबिक न्यायालयात एकत्र अर्ज करा. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा जबाब होतो. सगळ्या गोष्टी मिटलेल्या असतील तर ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून तशी मुभा आहे. तडजोडीच्या अटी तिथे दाखल होतात आणि हुकमाचा भाग बनतात, मग त्यांना वजन येतं. दुसऱ्या जबाबापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून देणंघेणं टप्प्याने ठेवा. पहिल्या अर्जाआधी सोनं सुटावं आणि पतसंस्थेचं कर्ज फिटावं. मधल्या महिन्यांत बँकांची पत्रं यावीत. दुसऱ्या जबाबाच्या आधी बक्षीसपत्र नोंदलं जावं. यात त्यांचीही सोय आहे, त्यांना सगळं एकदम हातातून सोडावं लागत नाही.

तोपर्यंत फ्लॅट सोडून माहेरी जाऊ नका. संयुक्त खातं असेल तर यापुढे दोघांच्या सह्यांनीच पैसे निघावेत असं बँकेला लेखी द्या. आणि एक मृत्युपत्र करून ठेवा. अंतिम हुकूम होईपर्यंत तुमच्या माघारी तुमच्या मालमत्तेचे वारस लेक आणि पती दोघंही आहेत. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. पीएफ आणि विम्याचं नॉमिनेशनही त्याच आठवड्यात बघून घ्या.

वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. घटस्फोट, पोटगी आणि त्यातून निघणाऱ्या मालमत्तेच्या दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विड्या वळणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्या घराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवतात आणि न समजलेली ओळ कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवत नाहीत. तुम्ही तर ऑफिसात रोज कागद हाताळता.

पतींना काय सांगायचं ते अवघड वाटत असेल तर एवढंच म्हणा: “तुम्ही म्हणता तसं करूया, पण कर्जं आणि सह्या मोकळ्या झाल्या की.” सासूबाईंच्या घरी जाऊन बोलू नका. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, मध्यस्थही मिळतो, तिथे टेबलाच्या दोन बाजूंना बसून हे कागद पुढे ठेवा.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. कपाटातली सोन्याची गहाण पावती काढा आणि मुदत कधी संपते ते बघा. महिना-दीड महिनाच उरला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी व्याज भरा आणि मुदत वाढवून घ्या, नाहीतर तडजोड होईपर्यंत दागिने लिलावात गेलेले असतील. पावती पतींच्या नावावर असेल तर उद्या सकाळीच फोन करून त्यांना सोबत बोलवा.

सिबिल अहवाल आणि जामीनपत्राची नक्कल हाती आली की मला पुन्हा लिहा. कर्जाचे आकडे आणि तारखा कळवा, खाते क्रमांक पाठवू नका.